सात, तीन, नऊ

"मास्टर, डबा तसाच ठेवलाय तुम्ही," जितेश बोलला.

मिलिंदला भूकच नव्हती. सकाळी सिंधी शेठने त्याला आत बोलावून सांगितलं होतं, "साईं, पोरं तुझं ऐकतात. जितेशला तूच सांग, उद्यापासून येऊ नको."

कॅम्प चारमधला जीन्सचा छोटा कारखाना. आधी आठ जण होते. काम घटलं तसा शेठ सगळ्यात नवीन माणसाला काढत गेला आणि सांगायचं काम दर वेळी मिलिंदच्या गळ्यात. पाच जण गेले. राहिले तिघे. पहिल्या दिवसापासून कटिंगला असलेला मिलिंद, धागे कापणाऱ्या कौसाबाई आणि मशीनवरचा, तिघांत सगळ्यात नवा जितेश. जितेशने आत्ताच कात्रपला भाड्याने घर घेतलेलं, बायकोचे दिवस भरत आलेले. मिलिंदला आता हे सांगायचाच कंटाळा आला होता. बुवापाड्याला घरी जाऊन नुसतं पडून राहावं, असं वाटायचं.

नंबरांचा नाद त्याला जुना. त्याने चिंधीवर खडूने लिहिलं, ७३९३९१३३.

"आला तुमचा नंबर," जितेश हसला, पण नीट नाही.

"बघ. एक आणि हा स्वतः सोडला, तर ह्याला कशानेच भाग जात नाही. शेवटचा तीन पुसला, तरी नाही. अजून एक पुसला, तरी नाही." मिलिंदचा अंगठा आकडे पुसत मागे सरकत होता. "एकेक पुसत जा, प्रत्येक वेळी तेच. असला ह्याच्यापेक्षा मोठा नंबरच नाही दुनियेत."

"म्हणजे जो जातो, त्याच्यामुळे काय बिघडत नाही."

"तसं नाय रे. जाणाऱ्याचा दोष नसतो. तो टोकाला होता, एवढंच."

"ओ मास्टर!" आतून कौसाबाई ओरडल्या. "शाळा सुटली का नाय? पोरगं आधीच अर्धं येडं आहे!"

चिंधीवर ७३९ उरलं होतं. मिलिंदचा अंगठा नऊवर आला आणि तिथेच थांबला. पुढचं वाक्य पाचदा बोललेलं होतं, तरी तोंडातून निघेना.

जितेशने सातवर बोट ठेवलं. "पुढून पुसला तर?"

"पुढून?" इतक्या वर्षांत मिलिंदने ते करूनच बघितलं नव्हतं. "मग राहिले एकोणचाळीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. लगेच भाग जातो. नाय रे, पुढून पुसायचा नसतो."

"मी पण तेच सांगत होतो."

"कोणाला?"

जितेशने मान वर केली नाही. "शेठला. तुम्ही बाहेर आल्यावर मला आत बोलावलं. बोलले, उद्यापासून येऊ नका, हे मास्टरला तूच सांग."