जुनी पिकअप विकली

गंजलेला सायलेन्सर. मूठ घासलेलं पिस्तूल. चार नवे टायर. पातळ कॉफी.

केंटकीतल्या आमच्या गावात, होबार्टच्या बंदुकांच्या दुकानात रोज सकाळी याच गप्पा. आज व्हर्लिन खुशीत होता. "शनिवारी पिकअप विकली बाबांनो! तिचा गिअरबॉक्स दुरुस्त करता करता मीच भंगारात निघालो असतो."

"कोणाच्या गळ्यात मारलीस?" मी विचारलं.

"शाळेच्या कँटीनमधल्या डार्लाच्या."

होबार्ट म्हणाला, "मग आता ते जुनं पिस्तूलही आण. चांगला भाव देतो. की बायकोपेक्षा त्याच्यावरच जास्त जीव आहे?"

आम्ही हसलो. व्हर्लिनचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ते सीटखालीच राहिलं."

"भरलेलं?"

"वीस वर्षं भरलेलंच असतं."

त्याने डार्लाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. "उचल गं बाई, उचल," तो पुटपुटत होता. आम्ही त्याच्या हातातल्या फोनकडे बघत बसलो.

***

शनिवारी कागदांवर सह्या होईपर्यंत डार्लाची तीन वर्षांची मुलगी त्याच गाडीत खेळत होती.