दोनशे सतरा नंबरचा डोळा

"दाबू का, बाबा?" मुलीने विचारलं.

बाबांनी मान हलवली. चाळीस वर्षं ते कृत्रिम डोळे बनवत आले होते. माणसाचा शाबूत डोळा समोर ठेवायचा आणि बारीक ब्रशने त्याच्यासारखाच दुसरा रंगवायचा. दरवेळी दोन करायचे. एक माणसाबरोबर जायचा, एक जोड म्हणून खणात राहायचा. पण गेलं वर्षभर हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. काम बंद करायचं ठरलं होतं.

खणातले सव्वानऊशे डोळे ऑनलाइन दुकानात ठेवायचे, म्हणजे लांबच्या एखाद्या डॉक्टरला त्यातला मिळताजुळता निवडता येईल, ही कल्पना मुलीची. एकाच दिव्याखाली एकेकाचा फोटो तिनेच काढला होता. फोटो चढवणारा प्रोग्रॅमही तिचाच. तो दुकानाच्या संगणकाशी परस्पर बोलणार होता. मध्ये माणसाची लुडबुड नाही.

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ओळच्या ओळ.

"दुकानवाल्यांची एक अट आहे," मुलगी म्हणाली. "अगदी सारखी दिसणारी दोन चित्रं घेत नाहीत. दुसरं परत पाठवतात."

"मग निम्मे परत आलेच म्हणून समज. जन्मभर तपकिरीच तर रंगवत आलोय."

तीनशे झाले. सहाशे झाले. तपकिरीला तपकिरी लागून चालले होते, पण एकही परत येईना. बाबा खुर्चीतून उठून पडद्याशी जाऊन उभे राहिले. एवढे डोळे त्यांनी एका जागी कधी पाहिलेच नव्हते.

"सगळे वेगळे आहेत गं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात लाल ओळ उमटली. क्रमांक नऊशे चार परत. असंच चित्र आधीच आहे: क्रमांक दोनशे सतरा.

"चुकून एकच फोटो दोनदा घेतला असेन मी," मुलगी म्हणाली.

बाबांनी खण उघडून दोन्ही डोळे काढले. एक लहान, एक मोठा. तपकिरी बुबुळात खालच्या कडेला हिरवा ठिपका, त्याच्या डावीकडे दोन पिवळ्या रेघा. दोन्हींत तेच. त्यांनी वही उघडली. दोनशे सतरा: मुलगी, वय आठ. नऊशे चार: बाई, वय एकतीस. नाव तेच, आडनाव निराळं.

मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "नऊशे चार तर याच वर्षीचा आहे, बाबा. ती काही बोलली नाही?"

"बोलली असेल. रंगवायला बसलो की मला कुठे काय ऐकू येतं!"

"मग आधीचा समोर ठेवून हा केलात?"

"छे गं. तीच आहे हे मला आत्ता कळतंय." त्यांनी वहीतल्या दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मध्ये तेवीस वर्षं होती.

पडद्यावर डोळे येतच होते.

"मग दोनशे सतरा तसाच ठेवू ना दुकानात?"

"नको. काढ तो. आणि हा दुसराही पाठवू नकोस."

"का?"

"तिला पुढेमागे परत लागेल. वयाबरोबर बदलावा लागतो."

"पण काम तर बंद करणार होतात ना?"

दोन्ही डोळे बाबांनी टेबलावर जपून ठेवले आणि आपला उजवा हात पालथा करून बघत राहिले, जसं काही कुणी थोर माणूस न सांगता घरी येऊन बसलं होतं आणि आत्ता कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं.