अदलाबदलीचे अंक

परमुलखात रुजलेल्या एका चिमुकल्या समाजाची साप्ताहिके दोनच, आणि त्यांच्या संपादकांमध्ये विस्तवही जात नसे. तरी धंद्याच्या रिवाजाप्रमाणे दोघे आपापला अंक दर आठवड्याला एकमेकांना टपालाने धाडत. त्यांतला एक वारला. समाजाच्या नियतकालिकांचा इतिहास लिहिणारी संशोधिका त्याच्या घरचे कागद चाळून मागे उरलेल्याकडे आली, तेव्हा त्याने वैऱ्याचे तीस वर्षांचे अंक तिच्यापुढे मांडले. ओळ न् ओळ लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ केलेली होती.

“काका, इतक्या बारकाईने त्यांना कुणीच वाचलं नसेल.”

“जळत होतो, पोरी. तोही माझ्यावर तेवढाच जळत असणार. सापडले का त्याच्या घरी माझे अंक?”

“सगळे. अगदी कोरे करकरीत.” ती किंचित अडखळली. “एकाचंही वेष्टन फोडलेलं नाही.”