जास्तीचा आकडा

प्रज्ञेश रत्नागिरीतल्या एका इस्पितळात मेडिकल फिजिसिस्ट होता, म्हणजे एक्स-रेच्या किरणांपासून माणसांना जपणं हे त्याचं काम. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बॅज प्रत्येकाने छातीला लावायचा आणि घरी जाताना बाहेरच्या कपाटात ठेवायचा. कुणी तो मशीनच्या खोलीत विसरला, की अंगावर न पडलेली किरणंही बॅजच्या आकड्यात धरली जायची आणि प्रज्ञेश त्याची बिनपाण्याने हजामत करायचा. त्यामुळे डबा खाताना त्याच्या बाजूची खुर्ची दोन वर्षं रिकामीच होती.

या तिमाहीचा अहवाल आला आणि सगळ्यांत जास्त आकडा निघाला तो खुद्द प्रज्ञेशच्या बॅजचा.

कामापलीकडे कधी न बोलणारी टेक्निशियन मनिषा "सर, जेवण जातंय ना नीट?" असं विचारून गेली. वॉर्डातल्या शकूमावशी तर घरून पेज घेऊन आल्या.

"गरम हाय तवर खावा सायब. मिरजोळ्यात एकलेच रहाता तुमी, बघणारं कोण हाय?"

तो खाईपर्यंत त्या बाजूच्या खुर्चीत बसून राहिल्या.

एका शनिवारी बॅज आपणच मशीनच्या खोलीत खुंटीवर विसरलो होतो आणि तो सोमवारी सापडला, हे प्रज्ञेशला अहवाल वाचतानाच आठवलं होतं. आता सांगू, मग सांगू करत त्याने पेज संपवली.

 

पुढच्या शनिवारी सगळे गेल्यावर त्याने नवा बॅज छातीवरून काढला आणि त्याच खुंटीला आठवणीने अडकवला.