पुराची तालीम

उलुआ नदीकाठच्या त्या शाळेत नोएमीबाई पुराची तालीम घेत होत्या. घंटा वाजली की मोठ्या मुलांनी एकेका लहानग्याचा हात धरायचा आणि केळीच्या बागेतून टेकडीवरचं चर्च गाठायचं. गेल्या पुरात डिल्सियाचा धाकटा भाऊ एल्विन याच वाटेवर वाहून गेला होता. म्हणून बाई तिला म्हणाल्या होत्या, "तू आज वर्गातच बस गं." पण घंटा होताच ती उठली आणि पहिलीतल्या नाहुनला घेऊन रांगेत शिरली.

टेकडीवर पोचल्यावर नाहुन रडायला लागला. डिल्सियाने केसांच्या रिबिनीने त्याचं मनगट आपल्या मनगटाला करकचून बांधलं होतं.

"अगं, लाल झालाय बघ त्याचा हात," म्हणत बाई गाठ सोडवू लागल्या. "नुसता हात धरायचा, असं शिकवलंय ना मी?"

"एल्विनचा तसाच धरला होता, बाई," डिल्सिया खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही दाखवलात तसाच, अगदी घट्ट."

बाईंची बोटं थांबली.

"मी नव्हता सोडला."