मोरीखालची भिंत

रोममध्ये खणताना काही पुरातन निघालं, की सरकारी माणसं येऊन काम थांबवतात आणि धंदा बसतो. म्हणून माझ्या खानावळीची मोरी तुंबली, तेव्हा तळघरातली फरशी मी गुपचूपच उखडली. पण रोमन अवशेषांचा अभ्यास करायला अमेरिकेहून आलेल्या तीन पोरी हात धुवायला खाली गेल्या, त्या नाचतच वर आल्या.

“फाउस्तोकाका, खाली रोमन भिंत आहे! रंगीत चित्रांसकट! आमच्या बाईंना सांगायलाच हवं!”

“हळू बोला गं! माझ्या पोटावर पाय देता का? रोममध्ये आहात तोवर तुमचं जेवण माझ्याकडून!”

“गोडाच्या तिरामिसूसकट?” त्यांच्यातल्या हेलीने डोळा मिचकावला.

“रोज! पोटभर!”

तिघींनी तोंडावर बोट ठेवलं. मी तिरामिसूच्या वाट्या मांडतोय, तोच त्यांच्या प्राध्यापिका मार्गोबाई आत आल्या. पोरींचे धुळीने माखलेले बूट आणि समोरच्या वाट्या पाहून त्या खो खो हसत सुटल्या.



“वेड्या पोरींनो! नुसत्या तिरामिसूवर गप्प बसता? मी तुमच्या वयाची असतानाही ही मोरी तुंबली होती, तेव्हा याच भिंतीवर मी फाउस्तोच्या वडिलांकडून माझ्या लग्नाचं जेवण वसूल केलं होतं!”