समजेपर्यंत

तपासणी झकास पार पडली आणि शांततेचा तास कायमचा मंजूर झाला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण सकाळी साडेसातला हेडसरांना ते माहीत नव्हतं.

तपासनीसबाई दहाला येणार होत्या. नव्यानेच बदलून आलेल्या. मुलांनी आपसातली भांडणं बसून मिटवायची, असा हा तास त्यांनी बंद केला, तर त्या तासाला मुलांनी ठरवलेले नियमही त्याच दिवशी गुंडाळावे लागणार होते. नियम तसा एकच होता, पण हेडसरांचा त्याच्यावर जीव होता.

शाळा त्यांनी स्वतःच उघडली. जुडग्यातली नेमकी किल्ली बोटांना न बघता सापडली. खुर्चीवरची धूळ आधी रुमालाने पुसली, मग बसले. स्वतःची खुर्ची स्वतः पुसणारा हेडमास्तर लाखात एखादाच.

घंटा सात मिनिटं उशिरा झाली. झाली तीही कशी, तर कुणी पातेलं जिन्यावरून सोडून द्यावं तशी.

"मनगट सैल सोडा," हेडसर खिडकीतून शिपायाला म्हणाले. "तिने काय घोडं मारलंय तुमचं?"

शिपायाने सोनेरी काड्यांचा चष्मा नाकावर सरकवला आणि हातातल्या हातोडीकडे असं पाहिलं, जणू तीच वर्गात उशिरा आली होती. मग आत येऊन त्याने टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला.

"सर, आजचा."

"ठेवा. बघतो."

हेडसरांनी कागद खणात टाकला. खण आधीच इतका भरला होता की लागेना. गुडघ्याने रेटला तेव्हा कुठे बसला.

तपासनीसबाई आल्या त्या वही उघडी धरूनच. थेट सातवीच्या वर्गात शिरल्या. हेडसर मागोमाग. फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'जो दुसऱ्याला कमी लेखेल, त्याने दुसऱ्याच्या जागी राहावं. समजेपर्यंत.'

"म्हणजे नेमकं काय?" बाईंनी विचारलं.

एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे वकील म्हणायचे, कारण बोलताना ती श्वास घेत नसे.

"बाई, हा आमचा कॅप्टन. हा छोटूच्या दप्तराला पोतं म्हणाला. तर आता ते पोतं कॅप्टन उचलतो, छोटूच्या बाकावर बसतो आणि छोटूसारखा घरी चालत जातो. कॅप्टनची सायकल छोटूकडे."

"किती दिवस?"

"समजेपर्यंत."

"आणि समजलं की नाही, हे कोण ठरवतं?"

"ज्याची जागा घेतली, तो."

छोटूने कॅप्टनला आपादमस्तक न्याहाळलं. "अजून नाही समजलं, बाई. मला सायकल आत्ता कुठे जमायला लागलीय."

वर्ग खदखदून हसला. कॅप्टन सोडून.

"हा नियम फक्त मुलांना?"

"छे! सगळ्यांना. गणिताचे सर एकाला ढ म्हणाले, तर तीन दिवस शेवटच्या बाकावर होते. आणि काका—" वकील हेडसरांकडे वळली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे, सर. ते सर सांगतील."

"किती गोड!" बाई हसल्या. "हेडमास्तरांना काका म्हणतात तुमच्याकडे?"

"चहा घेऊ या," हेडसर म्हणाले.

चहा आला. निम्मा कपात, निम्मा बशीत. कप ठेवून शिपाई तिथेच उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, मला तुमच्याशी जरा—"

"अहो, साखर राहिली वाटतं," हेडसर मऊ आवाजात म्हणाले. "घेऊन येता का? डावीकडची फळी, चहापत्तीच्या मागे."

शिपाई दात आवळून गेला. साखर उजवीकडच्या फळीवर होती.

"शिपायालासुद्धा अहो-जाहो करता?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"सवय आहे हो. बावीस वर्षांची."

बाईंचं पेन थबकलं. त्यांना भरून आलं असावं. "खरं सांगू? अशी शाळा मी पाहिली नाही. इथे वरचा कोण, खालचा कोण, कळतच नाही."

"ती सगळी मुलांची कृपा."

बाईंनी शेरा लिहिला : 'शांततेचा तास व त्यातील नियम कायम ठेवावेत. कोणताही बदल करू नये.' खाली सही, वर शिक्का. फाटकापर्यंत पोचवायला वकील, कॅप्टन आणि पोतं असा लवाजमा गेला.

शिपाई साखरेचा डबा घेऊन धापा टाकत आला, तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती.

"गेल्या?"

"गेल्या. सापडली का साखर? वा. उद्यापासून लक्षात राहील बघा."

शिपाई डबा टेबलावर आपटणार होता, पण खिडकीत छोटू सायकल धरून उभा होता. डबा हळूच ठेवून तो निघून गेला.

हेडसरांनी दोन चमचे साखर घातली. चहा गार झाला होता, पण ते बरेच समाधानी होते. खुर्चीत मागे रेलून त्यांनी खणातला आजचा कागद काढला आणि उलगडला. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं होतं.

'प्रति : माननीय मुख्याध्यापक.

विषय : मला समजले असल्याबाबत.

महोदय, या शाळेच्या मुख्याध्यापकपदी बावीस वर्षे असताना, आपण आणलेला चहा गार असल्यावरून, "अक्कल असती तर तू शिपाई कशाला झाला असतास?" असे मी आपणांस सातवीच्या वर्गासमोर बोललो. त्यास आज दोनशे एकोणीस दिवस पूर्ण होत आहेत. तरी, मला समजले असल्याचे आपल्या स्तरावर मान्य करून, माझी खुर्ची मला परत मिळावी, ही नम्र विनंती.'